पातळ बीअर आणि यीस्टवरचा खोटा आळ

‘घरात करायची, आपल्यापुरती करायची, विकायची तर नाहीच; मग कायद्याचं काय?’ गव्हाच्या बीअरबद्दलचे गैरसमज इथूनच सुरू होतात. पुणे जिल्ह्यातलं मंचर असो की मुंबई, 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय बीअर बनवणं हा गुन्हा आहे. ती विकली की स्वतःच प्यायली, याने फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरच्या बीअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने केंद्रीय पातळीवर ती मोकळीक मिळाली, आणि तिथल्या मराठी घरांनाही हा छंद कायद्यात राहून करता येतो. इकडे पुण्यात 2009 साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि केळं-लवंगेच्या वासाची ही ढगाळ गव्हाची बीअर मराठी ग्राहकाच्या ओळखीची झाली.

घरी केलेली बॅच फसली की तक्रार ठरलेली: ‘पाणचट झालीय, यीस्ट खराब निघालं.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. ‘पाणचट’ म्हणजे नक्की काय? अल्कोहोल कमी, अंगाने पातळ की गॅस नाही? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींची कारणंही वेगळी. दुसरं असं की, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल बनवतं. साखरच कमी उतरली असेल तर जगातलं सर्वोत्तम यीस्ट काय करणार? जास्तीचं पाकीट ओतलं तरी बीअर कडक होत नाही.

धान्यातून साखर किती उतरली हे हायड्रोमीटर सांगतो. मंचर परिसरात हे यंत्र समजावून सांगायची गरज नाही. पराग मिल्क फूड्सची सुरुवात 1992 मध्ये इथेच झाली, आणि डेअरीला दूध घालणाऱ्या प्रत्येकाला ‘डिग्री’ कमी लागणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. हायड्रोमीटर हा लॅक्टोमीटरचाच भाऊ. दूध कोमट असलं की डिग्री कमी दिसते, तसंच इथेही होतं. हायड्रोमीटर साधारणपणे 15 किंवा 20 अंश सेल्सिअसला जुळवलेला असतो. 20 अंशांचा हायड्रोमीटर 35 अंशांच्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) रसात सोडला, तर घनता 1.048 च्या जागी जेमतेम 1.044 दिसते. बॅच ठीक असते, माणूस मात्र कपाळाला हात लावून बसतो. तयार माल्ट-अर्कात वरून पाणी घालून नीट न ढवळणाऱ्यांचीही हीच गत. जड अर्क तळाशी बसतो, नमुना वरचा घेतला जातो आणि आकडा खोटा येतो.

आकडा खरोखरच कमी असेल तर शोध मॅशमध्ये, म्हणजे माल्ट आणि गरम पाण्याच्या मिश्रणात, घ्यायचा. भरडलेलं माल्ट 64 ते 68 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की त्यातली विकरं स्टार्चची साखर करतात. पाणी 75 च्या वर गेलं तर विकरं भराभर निकामी होतात. थेंबभर मॅश बशीत घ्यावी, त्यावर आयोडीन टाकावं. निळा-काळा रंग आला तर स्टार्च अजून शिल्लक आहे. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग तो हाच.

बाजारातून लोकवन गहू आणून थेट बीअर करता येईल, हाही एक लाडका समज. स्टार्च तोडणारी विकरं पुरेशी तयार होतात ती धान्याला मोड येताना. म्हणून गहू भिजवून, मोड आणून, वाळवून त्याचं माल्ट करावं लागतं. जर्मन परंपरेत गव्हाच्या बीअरला किमान निम्मं गव्हाचं माल्ट लागतं, बाकीचं जवाचं. गव्हाचा दाणा जवापेक्षा बारीक आणि टणक असतो. जवासाठी लावलेल्या चक्कीच्या फटीतून तो अख्खाच निसटतो आणि त्यातली साखर बाहेरच येत नाही. यावर उपाय म्हणून पिठाच्या गिरणीतून बारीक दळून आणलं, तर खळ तयार झालीच म्हणून समजा! जवाला साल असते, ती गाळणीचं काम करते. गव्हाला ती नसते. यासाठी ब्रुअर मॅशमध्ये भाताचं तूस मिसळतात. मंचरच्याच आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, जिथे भात पिकतो, तिथे तूस काही नवलाईची वस्तू नाही.

साखर ओतून कडकपणा आणण्याचा उपाय अर्धाच खरा आहे. 20 लिटरमध्ये किलोभर साखर घातली की अल्कोहोल सुमारे अडीच टक्क्यांनी वाढतं, पण ही साखर यीस्ट पूर्ण फस्त करतं. अंगाला काहीच उरत नाही. पातळपणाची तक्रार घेऊन आलेल्याला हा सल्ला देणं म्हणजे दुखणं वाढवणं. गव्हाची बीअर मुळातच सौम्य असते, असंही नाही. बव्हेरियातली श्नायडर कंपनीची अव्हेंटिनस 1907 पासून बनते आणि तिच्यात 8.2 टक्के अल्कोहोल असतं.

बुडबुडे थांबले म्हणजे आंबवण संपली, हे गृहीतकही कच्चं आहे. भांड्याचं झाकण सैल असेल तर वायू बाजूने निघून जातो आणि झाकणावरच्या नळीत बुडबुडा दिसतच नाही. दोन-तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा हलला नाही, तरच काम संपलं असं धरावं. यीस्टचा दोष खरोखर असतो, तो तापमानाशी निगडित. या बीअरला 17 ते 22 अंश मानवतात. वाफाळत्या रसात टाकलेलं यीस्ट मरतं, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात 30 अंशांवर आंबवलं तर जड अल्कोहोलांचा उग्र वास येतो.

सुरुवातीचा आकडा 1.048 आणि शेवटचा 1.012 असेल, तर फरकाला 131 ने गुणावं, उत्तर 4.7 टक्के अल्कोहोल. म्हणजे बॅच कमजोर नव्हतीच. यीस्ट घालण्यापूर्वीचा आकडा ज्याने लिहून ठेवला नाही, त्याने मात्र यीस्टच्या कंपनीला दोष देऊ नये.