बेअरिंग आधी सांगतं, ऐकायचं कोणी?

17 ऑगस्ट 2009. सायबेरियातल्या येनिसेई नदीवरचं सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्र. सकाळी सव्वाआठच्या सुमारास 640 मेगावॉटचा दोन नंबरचा संच बैठकीतून उखडला, यंत्रघरात पाणी घुसलं आणि 75 माणसं दगावली. चौकशी अहवाल सांगतो, की टर्बाइनचं झाकण धरून ठेवणाऱ्या बोल्टांपैकी 49 तपासले, त्यांतल्या 41 बोल्टांना सततच्या कंपनाने भेगा पडल्या होत्या. बेअरिंगच्या कंपनाची मर्यादा होती 160 मायक्रॉन. अपघाताच्या वेळी नोंद झाली 840. त्याच वर्षी मार्चमध्ये या संचाची दुरुस्ती उरकली होती. त्यानंतरही कंपन वाढत गेलं आणि संच चालूच राहिला.

फिरत्या यंत्राचा बिघाड आधीच ओळखणं हा प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स इंजिनिअरचा पेशा. जुने फिटर स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मुठीला कान लावत. ते कसब खरंच होतं, पण प्रत्येकाच्या कानापुरतं. 1939 साली विमा कंपनीत काम करणाऱ्या टी. सी. रॅथबोन या अमेरिकी इंजिनिअरने कंपन किती चालेल आणि किती धोक्याचं, याचा तक्ता छापला आणि कानाच्या जागी आकडा आला.

आता चुंबकाने चिकटणारा सेन्सर आडवा, उभा आणि शाफ्टच्या दिशेने लावून रीडिंग घेतात. संगणक त्यातल्या वारंवारिता सुट्या करून आलेख काढतो, तोच स्पेक्ट्रम. फेऱ्यामागे एकदा हिसका बसत असेल तर पहिला संशय बॅलन्सिंगवर. दोनदा बसत असेल आणि शाफ्टच्या दिशेनेही कंपन असेल तर कपलिंगच्या अलाइनमेंटवर. मोटरीत सर्रास दिसणारं 6205 नंबरचं बेअरिंग घ्या : 25 मिलिमीटरचं भोक, आत नऊ गोळ्या. बाहेरच्या कड्यावर बारीकसा खड्डा पडला, की फेऱ्यामागे सुमारे 3.585 ठोके. मोटर 1480 आरपीएमची असेल तर सेकंदाला 88. स्पेक्ट्रममध्ये 88 हर्ट्झला आणि त्याच्या पटींत शिखरं उभी राहिली, की मोटर न उघडता दोष कुठे आहे ते कळतं. हे पहिल्यांदा स्वतः पडताळून पाहणाऱ्याला या कामाची गोडी लागते.

चंद्रपूर, कोराडीच्या औष्णिक केंद्रांतले टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेतात. तिथे फेरी मारून रीडिंग घेणं पुरत नाही. शाफ्टला न टेकता मायक्रॉनमध्ये मोजणारे प्रोब कायमचे बसवलेले असतात.

मग ठरावीक तासांनी यंत्र उघडून पार्ट बदलले तर? युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी 1978 च्या अहवालात विमानांचे भाग तपासले. त्यांतल्या 89 टक्के भागांना वयाची मर्यादा घालून काही फायदा नव्हता. शिवाय धडधाकट यंत्र उघडलं, की चुकीच्या जोडणीचा धोका आपणच ओढवून घेतो.

या वाटेला बहुतेक जण मेकॅनिकलची पदविका किंवा पदवी घेऊन येतात. आयएसओ 18436-2 नुसार कंपन विश्लेषकाच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीला सहा महिन्यांचा अनुभव लागतो, चौथीला पाच वर्षांचा. परीक्षा अवघड असते, पण ‘आज पंप थांबवा’ हे उत्पादनाची घाई असलेल्या साहेबाला पटवणं त्याहून अवघड. कारखाना चालवणाऱ्यांनी सेन्सरवर खर्च जरूर करावा. त्याआधी मर्यादा ओलांडली की यंत्र थांबवण्याचा लेखी अधिकार या इंजिनिअरला द्यावा.