बर्फावरच्या पोरी

मैत्रिणींनो, आमच्या पहूरला बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर, नाहीतर रसवंतीत. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. अशा गावात बसून मी बर्फावरच्या हॉकीबद्दल लिहितेय म्हटल्यावर तुम्ही हसाल. पण त्याला कारण घडलं.

आमच्या बचत गटातल्या एका वहिनींची मुलगी तालुक्याला कबड्डी खेळायला गेली. संघ पहिल्याच फेरीत हरला. घरी आजीचा सूर लागला, "हारूनच यायचं तं खर्च कशाले माय?" झालं, खेळ बंद! मी समजवायला गेले आणि तोंडात आली ती लडाखच्या पोरींची गोष्ट.

तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात. त्या बर्फावर, पात्याचे बूट घालून हा खेळ चालतो. चेंडूऐवजी रबराची जाड चकती. लष्कराच्या जवानांचं पाहून गावातली मुलं शिकली, जुन्या बुटांना लोखंडी पाती ठोकून खेळली. मुलींचा नंबर मात्र मुलांचं खेळून झाल्यावर. बूट, हेल्मेटही मागून आणलेलं. (हे काही लडाखातच होतं असं नाही, आपल्याकडे सायकलचं काय होतं आठवा!)

भारत आंतरराष्ट्रीय आईस हॉकी महासंघाचा सदस्य झाला १९८९ मध्ये. पुरुषांचा संघ २००९ मध्ये अबुधाबीला पहिल्यांदा उतरला. मुलींसाठी २०१६ साल उजाडावं लागलं. तैपेईच्या आशियाई स्पर्धेला जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांकडून वर्गणी गोळा झाली. तिथे पोरी सगळे सामने हरल्या. हरणारच हो! समोरच्यांकडे बारा महिने बर्फाचं मैदान, आणि यांचा सराव म्हणजे तळं गोठलेलं असेल तेवढे दोन महिने. डेहराडूनला २०११ मध्ये मोठं बंदिस्त मैदान बांधलं होतं, पण ते वर्षानुवर्षं बंदच पडून राहिलं. २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

मला कौतुक वाटतं ते पुढच्या वर्षाचं. त्या पुन्हा गेल्या. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ असं हरवलं, मग मलेशियाला ५-४. दोन्ही सामने एकेका गोलाने. जानेवारी २०१८ मध्ये ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं मिळवलेली कॅनडाची हेली विकेनहायझर त्यांना शिकवायला थेट लेहला आली आणि त्याच वर्षी पोरींना तिने कॅनडाला खेळायला बोलावलं.

मग २०२५. संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे आशिया चषकात आपल्या मुलींनी कांस्यपदक मिळवलं. सुवर्ण फिलिपिन्सला गेलं, ज्यांना यांनी आठ वर्षांपूर्वी हरवलं होतं त्यांनाच! वाळवंटात बर्फावरचं पदक, हे ऐकून आजीबाईही हसल्या.

"नऊ वर्षं लागली का वं?" त्यांनी विचारलं.

"हो, आजी."

"अन् तवरोक त्यायच्या घरच्यांनी जाऊ दिलं?"

मी म्हटलं, सगळ्यांनी नसेल दिलं. ज्यांनी दिलं त्यांच्या पोरी खेळल्या.

त्या काही बोलल्या नाहीत, चहा ठेवायला उठल्या. पण सोमवारी मुलगी शाळेच्या मैदानावर दिसली, अनवाणीच. बुटांचा विषय मी बचत गटाच्या पुढच्या बैठकीत ठेवलाय.