द्रावक कोणते, द्राव्य कोणते?

पेलाभर पाण्यात चमचाभर साखर घालून ढवळली, की थोड्याच वेळात ती दिसेनाशी होते. ती नाहीशी मात्र झालेली नसते. पाण्याच्या प्रत्येक घोटात तिची गोडी सारखीच उतरलेली असते. अशा एकजिनसी मिश्रणाला द्रावण म्हणतात. जो पदार्थ विरघळतो त्याला द्राव्य व ज्यात तो विरघळतो त्याला द्रावक अशी संज्ञा आहे. गढूळ पाणी हे द्रावण नव्हे. ते स्थिर ठेवल्यास माती तळाशी बसते. साखरेच्या द्रावणात असे घडत नाही, आणि गाळणकागदातून गाळूनही साखर वेगळी करता येत नाही.

व्याख्या सोपी आहे. अडचण येते ती तिचा उपयोग करताना. जे अधिक ते द्रावक व जे कमी ते द्राव्य, असा नियम पुष्कळदा सांगितला जातो. हा नियम हलवायाच्या पाकापाशी अडखळतो. २० अंश सेल्सियस तापमानास १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे अशा पाकात साखर पाण्याच्या दुप्पट असते. मग साखरेला द्रावक म्हणावयाचे काय? रसायनशास्त्राचे उत्तर नकारार्थी आहे. साखर घन होती, पाणी द्रव होते आणि तयार झालेला पाकही द्रव आहे. पाण्याने आपली अवस्था राखली, साखरेने ती सोडली. म्हणून पहिला प्रश्न विचारावयाचा तो अवस्थेचा : द्रावणात कोणत्या घटकाची मूळ अवस्था टिकून राहिली? तो घटक द्रावक होय. सोडावॉटरमध्ये कार्बन डायऑक्साइड हा वायू असूनही पेय द्रवरूपच राहते. तेव्हा तेथेही पाणी हेच द्रावक.

सर्व घटक मुळात एकाच अवस्थेत असतील, तर मात्र या प्रश्नाने निवाडा होत नाही. तेथे प्रमाणाचा नियम उपयोगी पडतो. कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन असतो. म्हणून नायट्रोजन हे द्रावक मानले जाते. द्रावणे घनरूपही असतात. २२ कॅरट सोन्याच्या दागिन्यात २४ भागांपैकी २२ भाग सोने आणि उरलेले दोन भाग तांबे, चांदी यांसारख्या धातूंचे असतात. येथे सोने द्रावक व इतर धातू द्राव्य होत.

दोन द्रवांच्या बाबतीत सवयीमुळे चूक होण्याचा संभव असतो. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये पाण्याचा वाटा लहान असतो. प्रमाणाच्या नियमाने तेथे अल्कोहोल द्रावक व पाणी द्राव्य ठरते. सौम्य द्रावणात हीच नावे उलट होतात. यावरून असे दिसते, की द्रावकपण हा पदार्थाचा कायमचा गुण नव्हे. ती त्या त्या द्रावणातील त्याची भूमिका आहे. अल्कोहोल व पाणी कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. अशा ठिकाणी ही नावे बव्हंशी सोयीची असतात, आणि संकेताने पुष्कळदा पाण्यालाच द्रावक म्हटले जाते.

हा भेद केवळ नावांपुरता नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना तोंडावाटे द्रावण पाजण्याचा निर्णय घेतला. त्यात एक लिटर द्रावणाला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे प्रमाण होते. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले.

आज जलसंजीवनी या नावाने हे द्रावण घरोघरी पोहोचले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ सालापासून शिफारस केलेल्या एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. ही चार द्राव्ये पुडीत मोजून दिलेली असतात; द्रावक मात्र घरच्या माणसाला मोजावे लागते. एक लिटरची पुडी अर्ध्याच लिटरमध्ये कालवली, तर द्रावण दुप्पट तीव्र होते. असे द्रावण शरीरातील पाणी आतड्याकडे ओढून घेते व रक्तातील सोडियमही वाढवू शकते. आधीच शुष्क झालेल्या बालकाला ते घातक ठरू शकते. पाणी फार अधिक झाले, तर क्षार अपुरे पडतात. पुडीत असते ते केवळ द्राव्य; औषध तयार होते ते स्वच्छ पाणी योग्य मापाने त्यात मिळाल्यावरच.