शिकागोची खोली आणि आमची

पन्नास मिनिटं होत आली की मुलं उठतात, सॅक खांद्याला लावतात, दारापर्यंत जातात आणि कडीवर हात ठेवून वळतात. ‘मॅडम, अजून एक सांगायचं होतं.’ खरं तर तेच सांगायला ती आलेली असतात. आधीचा सगळा वेळ एटीकेटी, मेसचं जेवण, रूममेटशी झालेली कुरबूर यांत गेलेला असतो. बाहेरच्या बाकावर पुढची मुलगी थांबलेली असते. अशा वेळी काय करायचं? परत बसवायचं की उद्या सकाळची वेळ द्यायची? उद्यापर्यंत थांबता येईल असं हे सांगणं आहे का, हे चेहऱ्यावरून कसं ओळखायचं? पुस्तकांतून याचं उत्तर अर्धंच मिळतं. उरलेलं अर्धं शेजारच्या खोलीतल्या, आपल्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेल्या सहकाऱ्याकडून शिकायचं असतं. माझ्या केंद्रात शेजारची खोलीच नव्हती. विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, एक कुलपाचं कपाट, दारातल्या मावशी आणि मी. अठरा वर्षं झाली.

म्हणूनच असेल, पण शिकागो विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राबद्दल मी जिथे मिळेल तिथे वाचत गेले. १९४५ साली कार्ल रॉजर्स यांनी ते उभं केलं आणि १९५७पर्यंत ते तिथे होते. रॉजर्स यांचं नाव मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतं. परीक्षेला त्यांच्यावर टीप येते. त्या केंद्रातल्या बाकीच्या माणसांबद्दल मात्र परीक्षेत कुणी विचारत नाही. मला ओढ वाटली ती त्या माणसांची.

रॉजर्स यांचा जन्म १९०२चा, शिकागोजवळच्या ओक पार्कचा. ओहायोतल्या विद्यापीठात येण्याआधी बारा वर्षं त्यांनी रॉचेस्टरला अडचणीतल्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आईवडिलांबरोबर काम केलं होतं. त्या काळी विद्यार्थी समुपदेशनात मिनेसोटा विद्यापीठाचा मोठा दबदबा. विद्यार्थ्याच्या चाचण्या घ्यायच्या, त्याच्या कुवतीचा अंदाज बांधायचा आणि मग जाणत्या माणसाने त्याला सांगायचं, हा विषय घे, तो सोड. ११ डिसेंबर १९४० रोजी रॉजर्स त्याच मिनेसोटात पाहुणे म्हणून गेले आणि सल्ला देण्याची ही रीत आता मागे पडते आहे, असं त्यांनी भाषणात मांडलं. माणसाला आपली वाट दिसू शकते, आपण त्याचं नीट ऐकलं पाहिजे, असा त्यांचा रोख होता. सभेत खळबळ उडाली. पुढे रॉजर्स आपल्या पद्धतीचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगत.

आपल्या भाषेत या कामाला ‘समुपदेशन’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसला आहे. पालक मुलाला घेऊन येतात तेव्हा दारातच म्हणतात, ‘मॅडम, जरा समजावून सांगा ह्याला.’ समजावून सांगणारे त्याला घरीदारी पुष्कळ भेटलेले असतात. आजवर कुणी विचारलेलं नसतं ते एवढंच की तुला काय वाटतं. १९४०च्या त्या भाषणातली बाजू मला आजही महिन्यातून चार वेळा मांडावी लागते.

शिकागोच्या आधी, ओहायोत असताना रॉजर्स यांनी आणखी एक धाडस केलं होतं. समोरच्याची परवानगी घेऊन ते बैठका ध्वनिमुद्रित करायला लागले. तेव्हा टेप नव्हती. तबकडीवर मुद्रण करायचं, ती काही मिनिटांत भरायची, म्हणून दोन यंत्रं आळीपाळीने चालवावी लागत. १९४२च्या त्यांच्या पुस्तकात एका माणसाच्या, टोपणनावाने, आठच्या आठ बैठका शब्दशः छापल्या आहेत. तोवर बंद दाराआड काय चालतं ते बाहेर कळत नसे; समुपदेशक सांगेल ते खरं. आता तो नक्की काय बोलला, कुठे घाईने मधे तोंड घातलं, हे कागदावर आलं. आपलंच बोलणं सहकाऱ्यांसमोर ऐकून घेणं किती जड जातं, हे ज्याने केलं आहे त्यालाच कळेल. माझ्या प्रशिक्षणात मला एकदाच करावं लागलं. विद्यार्थिनी रडत होती आणि मी दर वीस सेकंदांनी ‘हो हो, बरोबर’ म्हणत होते. तिला रडूसुद्धा देत नव्हते. हे मला कुणीही तोंडी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

शिकागोच्या केंद्रात जमलेली माणसं एका साच्यातली नव्हती. व्हर्जिनिया ॲक्सलाइन लहान मुलांबरोबर खेळातून काम करायच्या. त्यांचं ‘प्ले थेरपी’ हे पुस्तक १९४७चं. युजीन जेंडलिन यांचा विषय तर तत्त्वज्ञान. नाझींपासून जीव वाचवून व्हिएन्नातून आलेल्या कुटुंबातले हे गृहस्थ. माणूस बोलता बोलता अडखळतो, छातीत काहीतरी आहे पण शब्द सापडत नाही, अशा जागांकडे त्यांनी आयुष्यभर लक्ष दिलं. थॉमस गॉर्डन यांना संस्था चालवण्यातल्या लोकशाहीचा ध्यास. रॉजर्स यांच्या १९५१च्या ‘क्लायंट सेंटर्ड थेरपी’ या पुस्तकात गॉर्डन यांचं एक अख्खं प्रकरण आहे, गटाने नेतृत्व आणि कारभार कसा करावा यावर. ते पुस्तकापुरतं नव्हतं. केंद्राचा कारभारही रॉजर्स यांनी कर्मचाऱ्यांच्या बैठकीच्या हाती दिला होता. जे समोरच्या विद्यार्थ्याला द्यायचं, तेच एकमेकांनाही द्यायचं, असं त्यामागचं सरळ गणित.

बाहेरून विरोध होताच. त्याच विद्यापीठातल्या मनोविकारशास्त्र विभागाच्या प्रमुखांचं म्हणणं, ही मंडळी परवान्याशिवाय डॉक्टरी करतात, केंद्र बंद करा. रॉजर्स यांनी कडक प्रत्युत्तर दिलं आणि प्रकरण मिटलं. पण नुसत्या भांडणावर ते थांबले नाहीत, काम मोजून दाखवायला बसले. शंभर पत्ते, प्रत्येकावर स्वतःविषयी एक वाक्य. विद्यार्थी किंवा जो कुणी आला असेल त्याने ते दोनदा लावायचे, एकदा ‘मी कसा आहे’ या क्रमाने आणि एकदा ‘मला कसं असायला आवडेल’ या क्रमाने. मग दोन्ही क्रम किती जुळतात ते काढायचं. सुरुवातीला त्यांचा सहसंबंध सरासरी उणे ०.०१ आला, म्हणजे जवळजवळ शून्य. आपण आहोत ते आणि व्हायचंय ते, यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. बैठका संपल्यावर तो ०.३४वर गेला आणि काही महिन्यांनी पाहिलं तेव्हाही ०.३१ होता. काहींना साठ दिवस थांबायला सांगून, नुसत्या दिवसांनी फरक पडतो का, तेही तपासलं. १९५४ साली हे सगळं पुस्तकरूपाने आलं. पंचवीस जणांवरचा हा अभ्यास आजच्या मापाने लहान आहे. पण ‘उणे शून्य दशांश शून्य एक’ हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या वर्षातला एक मुलगा आला. घरच्यांनी विकलेल्या दोन एकरांचा हिशेब तो माझ्यासमोर बोटांवर मांडायचा.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते. १९४९ ते ५१च्या दरम्यान कधीतरी रॉजर्स स्वतः कोसळले. एक अतिशय अस्वस्थ बाई ओहायोतल्या दिवसांपासून त्यांच्याकडे येत होती. तिच्या दुःखात ते इतके गुंतले की आपण कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते, हेच त्यांना कळेनासं झालं. तरी हे आपल्याला जमलंच पाहिजे म्हणून ते रेटत राहिले. एक दिवस त्यांनी तिला ऐनवेळी एका तरुण मनोविकारतज्ज्ञाच्या स्वाधीन केलं, घरी आले, पत्नी हेलनला म्हणाले, मला इथून जायलाच हवं, आणि तासाभरात दोघं गाडी घेऊन निघाले. दोन-तीन महिने ते फिरत राहिले. परत आल्यावरही मनाचा तळ सापडत नव्हता. तेव्हा केंद्रातल्याच एका सहकाऱ्याने त्यांना सांगितलं, तुम्ही त्रासात आहात हे दिसतंय, मी तुमच्यासोबत बसू का? सगळ्यांचा प्रमुख, जगभर नाव होऊ घातलेला माणूस, आपल्या हाताखालच्या सहकाऱ्यासमोर खुर्चीत बसला. हे सगळं त्यांनी स्वतःच पुढे आत्मकथनात लिहून ठेवलं आहे.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते. त्यांच्याकडे विचारणारा कुणीतरी होता.

आपल्याकडेही या कामाची सुरुवात संघ म्हणूनच झाली होती. आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था मुंबईत १९३६ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिने मुलांसाठी मार्गदर्शन चिकित्सालय काढलं, देशातलं पहिलं. अशा चिकित्सालयाची मूळ कल्पनाच मुळी अशी की डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता यांनी एका मुलाभोवती एकत्र बसायचं. विद्यापीठातल्या मुलाला आजही हेच हवं असतं. ऐकणारा समुपदेशक हवा. निदान करू शकणारा, भारतीय पुनर्वास परिषदेत नोंद असलेला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हवा. औषध लागलं तर मनोविकारतज्ज्ञ. आणि शिष्यवृत्ती अडकली, वसतिगृहात जातीवरून कुणी छळतंय, घरून लग्नाचा तगादा आहे, अशा गाठी सोडवायला सामाजिक कार्यकर्ता. शिष्यवृत्तीचे पैसे आठ महिने न आलेल्या मुलीला श्वासाचे व्यायाम शिकवून मी घरी पाठवलं आहे. त्याचं शल्य अजून आहे.

मावशींना या यादीत कुणी धरत नाही, मी धरते. आमच्याकडे येणाऱ्यांची नोंदवही दारात असे. नाव, विभाग, वेळ, सही. तिसऱ्या दिवशी मावशींनी त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि वरून फक्त एक ओळ उघडी ठेवली. ‘आधीच्या पोरीचं नाव पुढच्या पोराला कशाला दिसायला पाहिजे?’ गोपनीयतेचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्यात २०१७ साली आला. मावशींचं वर्तमानपत्र त्याच्या खूप आधीचं.

मुलांची भाषाही मी मावशींकडूनच शिकले. ‘नैराश्य’ हा शब्द गावाकडून आलेली मुलं वापरत नाहीत. ‘जीव रमत नाही’, ‘डोकं बधिर झालंय’, ‘छातीत भरून येतं’, ‘अन्न गोड लागत नाही’. नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात आणि नववा जीव नकोसा होण्याविषयीचा असतो. तो मी कागदावर सोडत नाही, तोंडाने विचारते, सरळ, आवाज न बदलता. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट बहुतेकांचे खांदे खाली येतात, कुणीतरी विचारलं म्हणून. उत्तर ‘हो’ आलं की त्या दिवशी पन्नास मिनिटांचा नियम नाही. घरचं कोण, मित्र कोण, आज रात्री सोबत कोण, हे ठरल्याशिवाय खोलीतून कुणी उठत नाही. रात्रीसाठी १४४१६ हा टेलिमानस या मदतवाहिनीचा क्रमांक मी त्यांच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर साठवून घेते. आणि मग मी घरी जाते, भाजी निवडते आणि फोन वाजण्याची वाट बघते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वांत जास्त महाराष्ट्रात होते. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. या आदेशाचं मी मनापासून स्वागत केलं. मला काळजी वाटते ती ‘किमान एक’ या शब्दांची. आपल्याकडे किमान म्हणजे कमाल व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेत विद्यापीठांच्या केंद्रांना मान्यता देणारी संघटना हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असं बरीच वर्षं सांगत आली. आमच्या आवारात हजारो मुलं आहेत. पहिली सहा वर्षं माझा करार अकरा महिन्यांचा होता. मधल्या महिन्यात खोलीला कुलूप. त्या महिन्यात कुणी येऊन गेलं का, हे मावशीच सांगायच्या. एकदा नूतनीकरण लांबलं आणि माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या, चांगल्या होत्या. तरी एक मुलगा मला नंतर भेटला तेव्हा म्हणाला, ‘मॅडम, पुन्हा पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला, म्हणून गेलोच नाही.’

चार वर्षांपूर्वी आसपासच्या कॉलेजांतल्या आम्ही पाच समुपदेशकांनी ठरवलं, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकीच्या घरी बसायचं. मुलांची नावं, विभाग, गाव काही सांगायचं नाही. आपण काय बोललो आणि आपल्याला काय झालं, तेवढंच. पहिल्या दोन बैठका आम्ही एकमेकींना सल्लेच देत होतो. तिसऱ्या वेळी एक जण बोलता बोलता थांबली, आणि बाकीच्या चौघी, कशा कोण जाणे, गप्प राहिल्या. गॅसवर ठेवलेला चहा आटून गेला. तेव्हापासून बैठक बैठकीसारखी होते आहे. आता आम्ही नऊ जण आहोत, त्यांत दोन सर. हा शनिवार कामाच्या तासांत धरावा, असा अर्ज आम्ही आपापल्या संस्थांना दोनदा दिला. उत्तर आलेलं नाही. या जूनला तिसऱ्यांदा देणार आहोत, आणि यावेळी सोबत शिकागोच्या त्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचं पान जोडणार आहोत.