शोधाआधीचा शोध

प्रबंध लिहावयाचा ठरला की आपल्याकडे प्रथम विषय ठरतो, लगोलग प्रकरणांची नावे पाडली जातात आणि मग ‘संदर्भ’ गोळा करण्यासाठी ग्रंथालयाची वाट धरली जाते. हा क्रम उलटा आहे, असे मला वाटते. आपल्या विषयावर पूर्वी कोणी काय लिहिले आहे याचा शोध हा शेवटचा सोपस्कार नव्हे, तो पाया आहे. तो न घेता ‘या विषयावर आजवर कोणी काम केलेले नाही’ असे प्रस्तावनेत लिहिणे हा पूर्वसूरींवर अन्याय आणि आपल्याच श्रमांचा अपव्यय होय.

हा शोध कसा आखावा, हे आपल्याच अंगणातील एका विषयावरून पाहू : ‘बेळगाव परिसरातील मराठी बोलीवर कन्नडचा परिणाम’.

प्रथम विषय प्रश्नाच्या रूपात एका वाक्यात लिहावा. परिणाम कशावर? शब्दांवर, उच्चारांवर, की वाक्यरचनेवर? कोणत्या काळातील? प्रश्न नेमका झाला की त्यातील मुख्य कल्पना वेगळ्या होतात. येथे त्या तीन आहेत : स्थळ, भाषा आणि परिणाम. कागदावर तीन रकाने पाडावेत व प्रत्येकाखाली त्या कल्पनेची जितकी नावे सुचतील तितकी लिहावीत. बेळगाव, बेळगावी, मुंबई इलाखा, ‘सदर्न मराठा कंट्री’. कन्नड, कानडी, ‘कॅनरीज’. परिणाम, भाषासंपर्क, उसनवारी, द्वैभाषिकता. जुन्या इंग्रजी ग्रंथांत धारवाडचे ‘धारवार’ होते, हेही ध्यानात ठेवावे. कन्नड संज्ञा आपल्याच अंकाच्या कन्नड विभागातील मित्राकडून लिहून घ्याव्यात. संगणकावर शोधताना एका रकान्यातील शब्द ‘किंवा’ने जोडावेत आणि निरनिराळे रकाने ‘आणि’ने. पहिल्याने जाळे रुंद होते, दुसऱ्याने नको ते मासे गळून पडतात.

एवढा खटाटोप कशासाठी? गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावावर एक निबंध प्रसिद्ध केला. तेथे मराठी, कन्नड व उर्दू बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिल्याने शब्द निराळे राहूनही वाक्यरचना एकमेकींसारख्या झाल्या, असे त्यांनी दाखविले. आपल्या विषयाला याहून जवळचे लेखन विरळाच. परंतु त्या निबंधाच्या शीर्षकात ‘मराठी’ नाही, ‘कन्नड’ नाही, गावाचे नावही नाही. आहे ती भारतीय-आर्य आणि द्राविडी यांच्या सीमेची भाषा. शिवाय निबंधात गावाचे नाव ‘कुपवार’ असे येते. केवळ ‘मराठी-कन्नड’ एवढेच शब्द घेऊन शीर्षके चाळणाऱ्याची गत काखेत कळसा नि गावाला वळसा अशीच व्हायची.

दुसरी गोष्ट, कोठे शोधावे याची यादी. जुन्या मराठी ग्रंथांसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’, जिल्ह्याच्या माहितीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगावविषयक एकविसावा खंड (१८८४), पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेटचे ‘शोधगंगा’. नियतकालिकांतील लेखांसाठी ‘गूगल स्कॉलर’. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात (१९०५) आहे, तर कन्नड चौथ्या खंडात (१९०६). एकच खंड उघडणाऱ्याला अर्धेच घर दिसते.

एक चांगला निबंध हाती लागला की त्याच्या दोन्ही अंगांनी चालावे. त्याने कोणाचा आधार घेतला, हे त्याच्या संदर्भसूचीत सापडते. त्याचा आधार पुढे कोणी घेतला, हे गूगल स्कॉलर सांगते. असे चार निबंध धरून मागे-पुढे गेले की त्या विषयाचे गोत्रच समोर उभे राहते.

प्रत्येक शोधाची नोंद वहीत ठेवावी : तारीख, ठिकाण, वापरलेले शब्द, किती सापडले, किती ठेवले. काही न सापडल्यास तेही लिहावे. मार्गदर्शकांनी ‘हे पाहिले का?’ असे विचारल्यावर ही वहीच उत्तर देते. आणि थांबावे केव्हा? शब्द बदलून, ठिकाण बदलून पाहिले तरी तीच नावे, तेच ग्रंथ पुन्हा पुन्हा समोर येऊ लागले, की शोध पुरेसा झाला असे समजावे.

आपल्याकडील विद्यार्थ्याला दोन भाषा कानावरून येतात; हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. तरीही मराठीचा विद्यार्थी मराठी कपाटापाशी थांबतो आणि कन्नडचा कन्नड कपाटापाशी. या परिसराविषयीचे ज्ञान मात्र दोन्ही कपाटांत विखुरलेले आहे. कन्नड लिपी वाचता येत नसेल तर ती शिकावी. तोवर वर्गमित्राला सोबत न्यावे आणि त्याला मराठी सूची वाचून दाखवावी. ‘कोणी काम केलेले नाही’ हे वाक्य लिहिण्याचा अधिकार दुसरे कपाट उघडून पाहिल्यावरच मिळतो.