जुनी गाडी धंद्यासाठी घेताय? किंमत समोरच्याला विचारण्याआधी घरी काढा

"सर, ईको बघितलीय. २०१९ ची, सीएनजी, फर्स्ट ओनर. तीन नव्वद सांगतोय. घेऊ का?"

असा मेसेज मला आठवड्यातून एक-दोनदा येतोच. गाडी कधी ईको असते, कधी वॅगनआर, कधी छोटा हत्ती. मी उलटा प्रश्न विचारतो, "महिन्याला फेऱ्या किती?" आणि तिकडून बराच वेळ काहीच येत नाही.

व्हिडिओत हा विषय दहा मिनिटांत उरकावा लागला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. जुन्या गाडीला दोन किमती असतात. एक बाजाराची आणि दुसरी तुमची, म्हणजे तुमच्या धंद्याला परवडणारी. गाडी घ्यायची ती या दोन्हींपैकी जी कमी असेल त्या किमतीत. बहुतेक जण पहिलीच अर्धवट काढतात आणि दुसरी काढतच नाहीत.

आधी बाजाराची बघू. मोबाईलवर जाहिराती बघून आपण म्हणतो, "चार लाखाच्या आसपास चाललीय." अहो, ती सांगितलेली किंमत आहे, सौदा झालेली नाही. गाडी चार लाखाला लावून तीन पन्नासला गेली तर शेवटचा आकडा तुम्हाला कोण सांगणार? म्हणून मी एक साधी युक्ती सांगतो. तेच मॉडेल, तेच साल, तेच इंधन घेऊन दोन-तीन डीलरना फोन करा आणि म्हणा, "मला अशी गाडी विकायची आहे, किती द्याल?" मग दुसऱ्या दोन-तीन जणांना विचारा, "घ्यायची आहे, केवढ्याला मिळेल?" या दोन आकड्यांमध्ये डीलरचा नफा, जागेचं भाडं आणि त्याची रिस्क बसलेली असते. थेट मालकाकडून घेताना योग्य भाव या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रोडने एक चक्कर मारलीत तरी अर्धी माहिती हाताला लागते.

इन्शुरन्सच्या कागदावरची आयडीव्ही पण बघा. तिचा तक्ता ठरलेला आहे. शोरूम किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. पण आयडीव्ही म्हणजे भाव नव्हे. प्रीमियम वाचवायला लोक ती कमी लावून घेतात. घासाघीस करताना हाताशी एक आकडा, एवढाच तिचा उपयोग.

आणि एक, "नवीन घ्यायला गेलात तर केवढ्याला पडेल माहितीय का" हे वाक्य ऐकलंत की थांबा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. मालवाहू गाड्यांवरही १८ झाला. नवीन स्वस्त झाली की जुनीचा भाव खाली यायलाच पाहिजे. पण विकणाऱ्याच्या डोक्यात त्याने स्वतः मोजलेली जुनीच किंमत असते. तुम्ही आजचं ऑनरोड कोटेशन शोरूममधून लिहून आणा.

आता ती २०१९ ची ईको घेऊ. सगळं ठीकठाक असलेल्या अशा गाडीचा सौदा ३,७५,००० ला होतो असं समजा. (आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेत, तुमचे तुम्ही काढा.) ही गाडी बघायला तुम्ही गेलात आणि सोबत ओळखीचा मेकॅनिक नेलात. हा मेकॅनिक विकणाऱ्याच्या ओळखीचा नको! चार टायर संपलेत, १४,००० धरा. बॅटरी ४,५००. क्लच घसरतोय, मजुरीसकट ८,०००. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते, ती राहिलीय, २,५००. झाले २९,०००. म्हणजे या गाडीचा भाव ३,४६,०००.

इथे मुलं एक चूक करतात. आरसी ट्रान्स्फर आणि नवीन इन्शुरन्सचे १७,००० सुद्धा भावातून वजा मागतात. तो खर्च कुठलीही गाडी घेतलीत तरी येणारच, तो विकणाऱ्याने का सोसावा? तो तुमच्या बजेटमध्ये धरा. गाडी दारात उभी राहते तेव्हा ती ३,६३,००० ची असते, ३,४६,००० ची नाही.

बैल घेताना आपली माणसं आधी दात बघतात. गाडीचेही दात असतात. टायरवर चार आकडी नंबर असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर तीस हजार, आणि टायर २०२३ चे असतील तर शांतपणे विचारा, "तीस हजारांत टायर का बदलले?" खरं कारणही असू शकतं, पण उत्तर देताना चेहरा बघा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये झालेल्या सर्व्हिसिंगची नोंद निघते, त्यात प्रत्येक वेळचं मीटर रीडिंग असतं. मालकाला ती काढून आणायला सांगा.

पुरात बुडालेली गाडी वेगळीच. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर, त्याच सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढा, जुलै २०२४ ला सिंहगड रोडची एकतानगरी. या सगळ्या पाण्यात गाड्या होत्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते. सीटबेल्ट मात्र शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहिलेली असते. सीटखालच्या नटबोल्टचा गंज बघा. शंका आली तर भाव कमी करत बसू नका, सरळ निघून या. वायरिंगचा खर्च आधी कुणालाच सांगता येत नाही, मग वजा काय करणार?

कागदांचं थोडक्यात. एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून बघा. कर्जाचा बोजा, इन्शुरन्सची मुदत, कितवा मालक. ई-चलन तिथेच किंवा ट्रॅफिक पोलिसांच्या साईटवर दिसतं, ते सौद्याआधी भरून घ्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ट्रान्स्फरला फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, इन्शुरन्स नावावर करायला १४ दिवस. १ एप्रिल २०१९ आधीच्या नोंदणीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का, तेही बघा. आणि ईकोसारखी पांढऱ्या पाटीची पॅसेंजर गाडी घेऊन, मागची सीट काढून माल भरायचा विचार असेल तर आधी इन्शुरन्सवाल्याशी बोला. अपघातानंतर गाडी मालवाहतुकीला होती असं निघालं तर क्लेम अडकू शकतो. रोज मालच न्यायचा असेल तर पिवळ्या पाटीची मालवाहू बघा, आणि तिचं फिटनेस आणि टॅक्स हिशोबात धरा.

आता तुमची किंमत. आज तुम्ही भाड्याच्या टेम्पोला फेरीमागे ६०० रुपये देता आणि महिन्याला २० फेऱ्या करता. झाले १२,०००. स्वतःच्या गाडीला फेरीमागे १५० चा गॅस म्हणजे ३,०००, आणि इन्शुरन्स-सर्व्हिसिंगचे महिन्याला २,०००. वाचले ७,०००, वर्षाचे ८४,०००. चार वर्षं वापरून गाडी १,८०,००० ला गेली तर एकूण हातात ५,१६,०००. गाडी पडली ३,६३,००० ला. घ्या, खुशाल घ्या.

फेऱ्या आठच असतील तर? भाडं ४,८००. स्वतःचा खर्च १,२०० अधिक २,०००. वाचले १,६००, चार वर्षांचे ७६,८००. त्यात विक्रीचे १,८०,००० मिळवले तरी २,५६,८००. गाडी तीच, भाव योग्यच, आणि तुम्हाला लाखभर रुपयांचा खड्डा. यात कर्जाचं व्याज तर धरलंच नाही. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नवीनपेक्षा जास्त असतो, हे लक्षात ठेवा.

आता एक गोष्ट सांगतो, जी व्हिडिओत सांगायची हिंमत झाली नव्हती.

माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. २०१९ मध्ये मी माझी पहिली गाडी, एक जुनी वॅगनआर, विकली. सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर अडायचा. मेकॅनिकने १२,००० चं काम सांगितलं होतं. मी ते केलं नाही आणि घेणाऱ्याला सांगितलंही नाही. दुपारी दाखवायला बोलावलं, गाडी गरम करून ठेवली. घेणारा डब्यांचा व्यवसाय सुरू करणारा पोरगा होता आणि कंटेनर माझ्याकडूनच न्यायचा. तीन आठवड्यांनी ऐन डब्याच्या वेळेला गाडी हडपसरच्या पुलावर अडकली. तो दुकानात आला, भांडला नाही. एवढंच विचारलं, "दादा, तुम्हाला माहिती होतं का?"

मी नाही म्हटलं.

तो परत कधी दुकानात आला नाही. महिन्याला सहा-सात हजारांचा माल न्यायचा. मी १२,००० वाचवले आणि ते दोन महिन्यांतल्या विक्रीएवढे होते. पण मला आजही पैसे आठवत नाहीत, तो प्रश्न आठवतो. लोणीसारख्या गावात पुढच्या चौकात तोच माणूस भेटतो.

बीबीएला असताना जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचा १९७० चा लेख शिकवला होता. विषय जुन्या गाड्यांचा बाजार, आणि त्या कामासाठी त्याला २००१ साली नोबेल मिळालं. तेव्हा परीक्षेपुरता वाचला. तो म्हणतो, घेणाऱ्याला चांगली गाडी कुठली आणि खराब कुठली हे कळत नसेल तर तो प्रत्येक गाडी सरासरी दर्जाची धरूनच भाव करतो. मग चांगली गाडीवाला त्या भावात विकतच नाही, आणि बाजारात खराबच उरतात. म्हणजे माझ्यासारख्यांनी लपवलेल्या दुसऱ्या गिअरचे पैसे चांगली गाडी विकणाराही मोजत असतो.

२०२३ ला दुसरी गाडी विकताना मी सगळी सर्व्हिसची बिलं फाईलला लावली आणि वर एक कागद: एसीचा गॅस कमी, डावा सस्पेन्शन बुश आवाज करतो, मागच्या दाराला रंग मारलाय. प्रत्येकापुढे गॅरेजचा खर्च लिहिला आणि तो वजा करूनच भाव सांगितला. गाडी दोन दिवसांत गेली. घासाघीस झाली फक्त ५,००० ची, कारण घेणाऱ्याला काढायला मी काही ठेवलंच नव्हतं. टोकन घेतल्यावर गाडी सोडण्याआधी फॉर्मवर सह्या आणि ट्रान्स्फरचा अर्ज झाला की नाही, हे मी जातीने बघितलं. गाडी विकली तरी आरटीओत नाव तुमचंच असेल तर अपघाताच्या भरपाईत मालक तुम्हीच धरले जाता, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

विकणाऱ्या दुकानदारांसाठी आणखी एक. तुम्ही जीएसटी नोंदणीवाले असाल आणि गाडी धंद्याच्या नावावर असेल तर विकताना फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. घसारा घेतला असेल तर फरक म्हणजे विक्री किंमत वजा पुस्तकातली उरलेली किंमत. ४,००,००० ची गाडी, १५ टक्के दराने तीन वर्षांचा घसारा, उरले २,४५,६५०. ती २,७०,००० ला गेली तर कर २४,३५० वर, पूर्ण रकमेवर नाही. फरक उणे आला तर कर नाही. तुमच्या सीएला विचारून घ्या, पण विचारा सौद्याआधी.

त्या ईकोवाल्या मुलाला मी मागच्या तीन महिन्यांच्या फेऱ्या वहीतून मोजायला लावल्या. महिन्याला नऊ निघाल्या. त्याने गाडी सोडली, टेम्पोवाल्याशी बोलून फेरी ५५० ला ठरवली. "वीसवर गेलो की परत मेसेज करतो," म्हणालाय.