हॉलिहॉकचे फूल आणि त्याची उंच दांडी

उत्तर भारतात गुलखैरा म्हणून ओळखले जाणारे हॉलिहॉक (शास्त्रीय नाव अल्सिया रोझिया) भेंडी कुलातले, म्हणजे जास्वंद, कापूस आणि भेंडी यांच्याच गोत्रातले आहे. भेंडीचे पिवळे फूल ज्याने निरखून पाहिले आहे, त्याला हे नाते सांगावे लागत नाही. ही वनस्पती बहुधा द्विवर्षायू असते, म्हणजे पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका धरून मुळांत अन्न साठवते आणि दुसऱ्या वर्षी दोन मीटरपर्यंत, कधी त्याहूनही उंच, सरळ दांडी उभारते, जिच्यावरील कळ्या खालून वर क्रमाने उमलत जातात.

खरे नवल फुलाच्या मध्यभागी आहे. असंख्य पुंकेसरांचे तंतू एकमेकांना जुळून त्यांची नळी बनते आणि पराग ग्रहण करणारी कुक्षिवृंते, म्हणजे स्त्रीकेसराचे धागे, तिच्या आतून वर येतात. परागकोश आधी फुटतात व हे धागे नंतर बाहेर पसरतात, त्यामुळे नव्या फुलात पिवळ्या भुकटीचा गोंडाच दिसतो, तर जुन्या फुलात त्यातून नाजूक धाग्यांची जुडी डोकावते. या कालभेदामुळे परपरागणाला वाव मिळतो. परागकण मोठे व काटेरी असल्याने मधमाशीच्या अंगावरील केसांत सहज अडकतात.

पाकळ्या गळाल्यावर संवर्ताच्या, म्हणजे हिरव्या बाह्यदलांच्या, आत चकतीसारखे फळ तयार होते आणि वाळल्यावर त्याच्या एकबीजी चपट्या फाका सुट्या होतात.